तिसऱ्या हाकेचं गाव

नेर

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, उंबऱ्याला लिंबू-मिरची नाही. माझ्या आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशी घरातले देव नदीत सोडले आणि त्यांच्या मागोमाग भुतंही गेली, असं वडील सांगायचे. बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पोरांना हेच शिकवलं. तेव्हा पुढचं वाचून कोणी मला येडा म्हटलं तर माझी तक्रार नाही. जे पाहिलं, जे ऐकलं, तेवढंच लिहून राह्यलो.

ज्या वर्षी बोंडअळीनं कापूस आतून पोखरला आणि फवारणीचं विष चढून माणसं दवाखान्यात पडली, त्याच वर्षी दिवाळीनंतर माझी बदली झाली. नेरहून थेट झरी जामणी तालुक्यात. म्हणजे जिल्ह्याच्या या टोकावरून उचलून त्या टोकाला. गावाचं नाव कवठपोड. कोलामांच्या वस्तीला तिकडं पोड म्हणतात, एवढीच माझी माहिती.

बदलीचं मला काही नाही, नोकरी आहे, जावं लागते. प्रश्न होता संघमित्राचा. संघमित्रा म्हणजे माझी मितू, नववीत. तिची आई, सुजाता, जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, आणि दोघांत मिळून दिवसाला वीस शब्द, त्यातले अठरा माझे. उरलेल्या दोनांत एक ‘काहून’ आणि दुसरा ‘नाही’. मी हाक मारली की पहिल्या हाकेला ओ दिली तर दंड बसतो असं तिला कोणी सांगून ठेवलंय की काय, कोण जाणे. आणि मी तीच गोष्ट पुन्हा विचारली की फणकारा, “एकदा सांगितलं ना, बाबा!”

तर मी तिच्यापुढं करार ठेवला. “तीन दिवस चल माझ्यासोबत. गाव पाह्य. जमलं तर दुसऱ्या सत्रापासून मुकुटबनच्या शाळेत नाव टाकू. नाही जमलं तर इथंच आत्याजवळ राह्य. मी जबरदस्ती नाही करणार.”

“रेंज हाये का तिथं?”

“असन.”

“म्हणजे नाही,” ती म्हणाली आणि कानात इअरफोन कोंबले.

जबरदस्ती नाही करणार असं तोंडानं म्हणालो खरा, पण मनात हिशेब वेगळाच होता. आई गेली, बाप जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेला, तर वर्षभरात ही पोरगी माझ्याशी फोनवर ‘हं’ म्हणायलाही विसरेल. ती नाही म्हणाली तर ती माझ्या हातून गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिलाही ठाऊक असावं, कारण पिशवी भरताना तिनं तीन दिवसांचेच कपडे घेतले आणि मला दिसतील असे घेतले.

वणी

यवतमाळला एसटी बदलली तेव्हापासून कुरकुर सुरू. सीट टोचते, खिडकी अडकते, समोरच्या बाईची कोंबडी एकटक पाहते. यातली शेवटची तक्रार खरी होती. कोंबडी पाहतच होती.

वणी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, तिथं दोन प्रकारची धूळ आहे. कोळशाच्या ट्रकांची काळी, आणि जिनिंगमधून उडणारी पांढरी. रस्त्याकडेच्या बाभळींवर खाली काळं, वर कापसाचे पुंजके लटकलेले. मितूनं नाक पुसलं आणि रुमाल मला दाखवला. “पाहा, कायाकुट्ट. आपण इथं राह्यलो तर आतून अशेच होऊ.”

“आपण वणीत नाही राहणार, पुढं राहणार.”

“पुढं तं हेही नाही,” ती म्हणाली.

स्टँडसमोरच्या गाडीवर आलुबोंडा आणि वर लाल तर्री मिळाली. आमच्या नेरला तर्री चवीपुरती घालतात, इथं बोंडा तिच्यात बुडवून मारतात. “लय तिखट हाये, मले नाही पाहिजे,” असं म्हणत कन्यारत्नानं तीन खाल्ले. पोरगी खात असताना बापानं बोलू नये, हा माझा दीड वर्षाचा अनुभव आहे.

पुढच्या बसमध्ये जेमतेम सात-आठ माणसं. मुकुटबन सुटल्यावर झाडं दाट झाली आणि रस्ता बारीक. एका ठिकाणी बस थांबली. ना थांब्याची पाटी, ना झोपडी, नुसतं एक मोहाचं झाड. कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही. कंडक्टरनं दार उघडलं, मिनिटभर धरून ठेवलं, लावलं, आणि दोनदा घंटी मारली.

मितूनं इअरफोन काढले. निघाल्यापासून तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. “कोण उतरलं?”

“कोणीच नाही, ताई.”

“मंग थांबली काहून?”

“इथं कोणी हात दाखवते,” कंडक्टर तिकिटाचं यंत्र पुसत म्हणाला. “डायवरले दिसते. मले नाही दिसत. पण थांबलं पाह्यजे. एक खेप नाही थांबलो तं सारा रस्ता घंटी आपोआप वाजे.”

मी हसलो. मोठ्यानं हसलो, पोरीला धीर यावा म्हणून. बसमध्ये दुसरं कोणी हसलं नाही, आणि मागच्या सीटवरचा म्हातारा थोडा सरकून बसला, बाजूला जागा ठेवून.

कवठपोड

फाट्यावर उतरून पाऊण तास पांदणीनं, शेतांमधल्या गाडीवाटेनं, चाललो. दोन्ही अंगाला कापसाची पऱ्हाटी, छातीएवढी, बोंडं अर्धी उघडलेली, कापूस तसाच लोंबलेला. नोव्हेंबरात कापसाच्या शेतात बायांचा किलबिलाट असतो. वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही करून, दहीभात शिंपडून बाया वेचायला लागल्या की गाव रिकामं आणि शेतं भरलेली. इथं दोन्ही रिकामं होतं.

आणि साड्या. शेतांच्या चारी बाजूंनी काठ्या रोवून जुन्या साड्या ताणलेल्या, रानडुकरं येऊ नयेत म्हणून. तसं आमच्याकडंही बांधतात, पण एखाद्या शेताला. इथं जिकडं पाहावं तिकडं. वारा नव्हता तरी कुठलीतरी एक हलत असायची, आणि आपण तिच्याकडं पाहिलं की दुसरी हलायची.

“बाया उभ्या वाटतात,” मितू म्हणाली आणि पहिल्यांदाच माझ्या बाजूनं चालू लागली. एरवी ती दहा पावलं मागं असते, अनोळखी असल्यासारखी.

पोडात पंधरा-वीस घरं, त्यातल्या बहुतेकांच्या दाराला सुतळी बांधलेली. शाळेत खिचडी शिजवणारी भिमाबाई अंगणात बसली होती, साठीची, काटक. तिनं सांगितलं, इथला कापूस अळीनं कवडी केला, वेचून काही परवडत नाही, म्हणून सारी धडधाकट माणसं पैनगंगेपलीकडं दुसऱ्यांचा कापूस वेचायला गेली. पोरंही सोबत. पटावर तेवीस, हजर चार. गावात आता म्हातारी माणसं आणि ती चार पोरं.

जेवायला अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. मितूनं नाक मुरडत खाल्लं पण खाल्लं. जेवताना मला शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलायचं होतं, म्हणून मी कुडावरून हाक मारली, “ओ बाबाजी!” तो दहा हातांवर विडी ओढत बसलेला. मान वळवली नाही. पुन्हा हाक मारली. नाही. मला राग आला, माझा स्वभाव तसा आहे. तिसऱ्यांदा जरा चिडूनच ओरडलो, तेव्हा तो अगदी गोड हसला. “काय म्हणता, गुर्जी?”

भिमाबाई म्हणाली, “इथं तशीच रीत हाये. पहिली हाक रानाची, दुसरी वाऱ्याची, तिसरी माणसाची. जे रानातून बलावते, ते दोनदाच बलावते. तिसऱ्यांदा त्याच्यानं बोलवत नाही. म्हणून दोन हाका जाऊ द्याच्या. दिवस उतरल्यावर तं पक्कंच.”

“आणि पहिल्याच हाकेले ओ देली तं?” मितूनं विचारलं. भाकरीचा तुकडा हातातच होता.

“मंग त्याले समजते ना, का इथं ओ देणारं कोणी हाये.”

मला हसू आलं. नेरला पहिल्या हाकेला ओ न देणारं पोरगं उद्धट, आणि इथं शहाणं. “मग आमची मितू जन्माची इथलीच म्हणायची,” मी म्हणालो. “घ्या, तुमच्या गावची पोरगी तुम्हाला परत आणून दिली.”

मितू हसली नाही. पण तिनं भिमाबाईला आणखी अर्धी भाकर मागितली, आणि मी मनातल्या मनात एक गुण टिपून ठेवला.

दुसरा दिवस बरा गेला. शाळेची खोली झाडली, चार पोरांना पाढे म्हणायला लावले. मितू चौकशी करत राहिली की रेंज कुठं येते. फाट्याच्या पांदणीलगत शेतं संपतात तिथं एक टेकाड आहे, तिथं एक दांडी दिसते, असं पोरांनी सांगितलं. दुपार कलल्यावर ती मोबाइल घेऊन निघाली. “पंधरा मिनिटांत येतो,” म्हणाली. तासभर झाला, आली नाही. दिवस उतरायला लागला, तसा मी चपला अडकवल्या आणि तिला आणायला गेलो.

पांदणीवरून दोनदा हाक मारली, “मितू!” ओ नाही. त्यात काय नवल. टेकाड समोर दिसत होतं. आणि तेवढ्यात डाव्या हाताच्या पऱ्हाटीतून कोणीतरी म्हणालं,

“आयकलं का?”

ज्यांचं लग्न झालंय त्यांना सांगायला नको. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. अठरा वर्षं सुजातानं मला दुसऱ्या कोणत्या शब्दानं हाक मारली नाही. स्वयंपाकघरातून, नळावरून, बसस्टँडच्या गर्दीतून, ‘आयकलं का?’, शेवटचा ‘का’ जरा वर उचलून. तोच आवाज होता. तोच ‘का’. मी विचार नाही केला, माणूस तेव्हा विचार करत नाही. तोंडातून निघून गेलं, “ओ!”

आणि मी शेताचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडून पऱ्हाटीत शिरलो.

समोर एक साडी ताणलेली होती, हिरवी, पिवळ्या बुट्ट्यांची. तशी सुजाताकडं होती. ती गेल्यावर माझ्या बहिणीनं सगळ्या साड्या भांडेवालीला दिल्या होत्या, तेव्हा मितू दोन दिवस जेवली नव्हती. मी त्या साडीकडं चालत गेलो. बोंडांच्या वाळलेल्या नख्या हातांना ओरबाडत होत्या. साडीपाशी पोचलो तर ती राखाडी, विटकी, कुठलीही. पलीकडं हिरवी दिसली. तिकडं गेलो.

शेतात एक मचाण होतं, चार बल्ल्यांचं, राखणदारीचं. ते मी उजवीकडं टाकून परत फिरलो. थोड्या वेळानं मचाण समोर. बरं, चुकलो असेन. डावीकडं गेलो. मचाण समोर. तिसऱ्यांदा त्याच्याखाली आलो तेव्हा मातीत माझ्याच चपलांचे ठसे होते, आणि सारे आत येणारे. बाहेर जाणारा एकही नाही.

याला चकवा म्हणतात, हे मला माहीत होतं. त्याचा उतारा पण माहीत होता, आमच्या आजीनं सांगितलेला, अंगातले कपडे उलटे करून घालावे. आता गंमत पाहा. बावीस वर्षं अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारा मी, चौथी फेरी मारून आल्यावर गपगुमान शर्ट काढला, उलटा केला, आणि शिवणी बाहेर, कॉलर मानेला टोचते अशा अवस्थेत बटणं आतून लावू लागलो. उजेड इतका कमी झाला होता की नुसता कापूस तेवढा पांढरा दिसत होता.

तेव्हा मितूचा आवाज आला.

“बाबा!”

ओठांपर्यंत ओ आली आणि मी तोंडावर हात दाबला. एक चूक केली होती, दुसरी करायची नव्हती. पहिली हाक रानाची.

“बाबा!”

दुसरी वाऱ्याची. आवाज हुबेहूब तिचा होता, पण मघाशी सुजाताचाही हुबेहूबच होता. मी वाट पाहू लागलो.

तिसरी येईना.

आता तुम्ही माझी अवस्था समजून घ्या. ही पोरगी आयुष्यात कोणतीच गोष्ट तीनदा बोललेली नाही. दोनदा बोलली हेच तिच्या मानानं उपकार. ती खरी मितू असेल आणि दोन हाकांना बापानं ओ दिली नाही, तर ती फणकारून परत जाईल, याच अंधारात, याच साड्यांमधून, एकटी. आणि ती मितू नसेल, आणि मी ओ दिली, तर? मी तिथं उभा होतो, मचाणाच्या बल्लीला धरून, आणि मनात एवढंच म्हणत होतो, पोरी, एकदा बोल. आयुष्यभर नको बोलू, आता एकदा बोल. हे मी कोणाला विनवत होतो, तेही मला माहीत नव्हतं.

“बाबाऽऽ! बहिरे झाले का तुम्ही? घसा फाटला ना माझा इथं!”

एवढं चिडलेलं भूत कुठंच नसतं. मी इतक्या जोरानं “ओ!” म्हणालो की बाजूच्या झाडावरची पाखरं उठली.

मोबाइलचा उजेड नाचत नाचत माझ्याकडं आला. पांदण माझ्यापासून वीस पावलांवर होती. मितूनं उजेड माझ्या पायांपासून तोंडापर्यंत फिरवला. “शर्ट उलटा काहून घातला?”

“गरम होत होतं,” मी म्हणालो.

“तू टेकाडावर होती ना?” पांदणीवर आल्यावर मी विचारलं.

“टेकाडावरून तं कवाचीच आलती. मांगच्या वाटेनं. भिमाबाईजवळ भाकरी थापून राह्यलती.” थोडं चालल्यावर ती म्हणाली, “तुम्ही ओ कोणाले देऊन राह्यलते?”

“काय?”

“आमाले घरात आयकू आलं. तुम्ही ओ देली. मंग थोड्या वेळानं आणखी देली. मंग आणखी. तिसऱ्यांदा ओ आयकली तवा भिमाबाई म्हणे, जाय, तुया बापाले घेऊन ये, पण तीनदा हाक मारजो.”

मी एकदाच ओ दिली होती. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. एकदाच.

भिमाबाईनं आधी पाणी दिलं. मग म्हणाली, “नाव घेतलं का?”

“नाही. आयकलं का, एवढंच.”

“मंग असन कोणाचीही बायको,” ती चुलीत काटकी सारत म्हणाली. “आपल्या मालकाले बलावत असन. तिले काय मालूम, कोणाचा नवरा ओ देते.”

गावातल्या साऱ्या बाया नदीपलीकडं होत्या, हे तिनंच मला काल सांगितलं होतं. मी तिला त्याची आठवण करून दिली नाही.

फाटा

तिसऱ्या दिवशी सकाळी बस धरायला त्याच पांदणीनं निघालो. उन्हात शेत अगदी साधं होतं. साड्या साऱ्या विटून एकाच रंगाच्या झालेल्या. मचाण रस्त्यावरून दिसत होतं, अगदी जवळ, एखादं पोरगं दगड मारेल एवढ्यावर. माझी मलाच लाज वाटली.

फाट्यावर दगडावर बसलो. बसायच्या आतच मी ठरवून टाकलं होतं. अशा ठिकाणी पोरीला आणायची नाही. आत्याकडं ठेवायची, जे होईल ते होईल. आणि ते तिला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, तोच तिनं विचारलं, “आईचा आवाज होता?”

खोटं बोलणार होतो. नाही बोललो. “हो.”

ती कितीतरी वेळ चपलेनं मुरूम उकरत राहिली. मग एकदम उसळली. “मंग तुमालेच काहून? मीपण त्याच वाटेनं गेलती. मी तं इअरफोनही काढून ठेवले होते. मले काहून नाही मारली हाक?”

तिचे डोळे भरले होते आणि आवाज नेहमीच्या कुरकुरीचाच होता, सीट टोचते म्हणायची तोच. दीड वर्षात आईचं नाव आम्ही एकमेकांसमोर काढलं नव्हतं. मला वाटायचं तिला त्रास होईल, आणि तिला वाटत असावं मला होईल. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

“मितू,” मी म्हणालो, “मी विचार केला. तू आत्याजवळच राह्य. इथं बरं नाही. मी दर शनिवारी येत जाईन.”

“नाही.”

“काय नाही?”

दूरवर बसचा आवाज आला. तिनं नाक ओढलं, पिशवी खांद्यावर घेतली आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, “मुकुटबनच्या शाळेत नाव टाका. तुमाले इथं एकटं ठेवता येत नाही, बाबा. तुम्ही कोणालेही ओ देता.”